गोळीला गुडघा ओळखता येत नाही

बाजाराच्या दिवशी दुपारी बारानंतर आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. भाजी विकून मोकळ्या झालेल्या आज्या, बियाणं न्यायला आलेले शेतकरी, हमाल, एसटीची वाट पाहणाऱ्या बाया. त्यांतले कितीतरी जण एकच वस्तू मागतात. "गुडघ्याची गोळी द्या, मागच्या खेपेला दिलेली, पिवळी." कुणी कंबरेची मागतं, कुणी मानेची, तर कुणी म्हणतं, "अंग मोडून आलंय, जरा कडक द्या." सव्वीस वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे, आणि अजूनही दर बाजाराला मला तेच सांगावं लागतं: गुडघ्याची गोळी म्हणून काही नसतं. गोळी पोटात विरघळते, रक्तात जाते, आणि रक्त सगळीकडे जातं. तुमचा गुडघा दुखतोय हे तुम्हाला माहीत असतं, गोळीला माहीत नसतं.

हे एवढंच ध्यानात धरलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

शरीरात कुठे मार लागला, सांधा सुजला, दाढेत पू झाला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतात. ठणका, सूज, लाली, ताप हे पुष्कळसं त्यांचंच काम. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं ही द्रव्यं बनूच देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आता अडचण अशी की हीच द्रव्यं शरीरात इतर ठिकाणी आपली राखण करत असतात. जठरात आम्ल असतं, ते जठरालाच जाळू नये म्हणून आतून बुळबुळीत थर लागतो, तो यांच्यामुळे टिकतो. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं काम यांचंच. रक्त गोठण्यातही यांच्या जवळच्या द्रव्यांचा हात असतो. गोळी गुडघ्यातला ठणका थांबवते तेव्हा या राखणदारांनाही गप्प बसवते. तरण्याताठ्या, निरोगी माणसाला दोन दिवसांत त्याचा पत्ताही लागत नाही. साठी उलटलेल्या, बीपी-शुगरच्या माणसाला लागतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपण खातोय ती गोळी या जातीची आहे का, ते ओळखणं. ब्रँडच्या नावावर जाऊ नका. पट्टी उलटी करा आणि बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव वाचा, किंवा घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा. नावाच्या शेवटी 'फेनॅक' आलं (डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक), 'प्रोफेन' आलं (आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन), 'कॉक्सिब' आलं (एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब) किंवा 'ऑक्सिकॅम' आलं (पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम), की ती या घरातली. शेपूट वेगळं असलेली काही नावं पाठच करावी लागतात: निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, इंडोमेथॅसिन आणि अर्थात ॲस्पिरिन. पॅरासिटामॉल या घरातलं नाही. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सुजेवर फारसं चालत नाही, पण जठर आणि किडनीला त्याचा त्रासही कमी. त्याचा धोका वेगळा, तो यकृताला.

ब्रँडच्या नावापुढे जी इंग्रजी अक्षरं असतात त्यांनाही अर्थ असतो. 'पी' म्हणजे आत पॅरासिटामॉल आहे, बहुतेक वेळा 325 मिलिग्रॅम. 'एसपी' असेल तर त्याबरोबर सेराशिओपेप्टिडेज. 'एमआर' म्हणजे स्नायू सैल करणारं औषध मिसळलंय, ते घेऊन झोप येते, तेव्हा गाडी किंवा कडबाकुट्टी चालवायची नाही. ही अक्षरं कळली नाहीत की काय होतं पाहा. हाडांच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅक-पी दिलेली असते. त्याच आठवड्यात दाढ दुखते, तिथून केटोरोलॅक मिळते. घरात सुनेसाठी आणलेली निमेसुलाइडची अर्धी पट्टी पडलेली असते, रात्री ती पोटात जाते. वर ताप आला म्हणून 650 ची पॅरासिटामॉल. चार वेगळ्या रंगांच्या, चार वेगळ्या नावांच्या गोळ्या. त्यांतल्या तीन एकाच कामाच्या आणि पॅरासिटामॉल दोनदा. या जातीची एका वेळी एकच गोळी चालते. दुसरी घेतल्यानं दुखणं दुप्पट थांबत नाही, अपाय मात्र वाढतो.

आमच्या धंद्यातलीही एक खोड सांगून टाकतो. पाच गोळ्या मागितल्या की आम्ही कात्रीनं पट्टी कापून देतो आणि नेमका नाव-मुदत छापलेला तुकडा कधीकधी दुकानातच राहतो. तुम्ही हट्टानं सांगा, की नाव असलेल्या बाजूनं कापा. आणि नाव-पत्ता नसलेली कागदाची पुडी, जिच्यात एक पांढरी, एक पिवळी, एक बारीक गुलाबी गोळी असते, ती कुणीही दिली तरी विचारा की यात काय आहे. त्या बारीक गोळीत अनेकदा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड आणि ही वेदनाशामक एकत्र आली की जठराला व्रण होऊन रक्तस्राव होण्याची भीती कितीतरी वाढते. त्या पुडीनं माणूस दोन तासांत उठून कामाला लागतो, म्हणून तिचं नाव होतं. यात्रेत आणि बाजारात 'गुडघेदुखीवर खात्रीचं' म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या चूर्णांचीही तीच कथा. अशा चूर्णांत डायक्लोफेनॅक आणि स्टिरॉइड मिसळलेली तपासणीत सापडली आहेत. जडीबुटीनं अर्ध्या तासात ठणका गेला तर आनंद मानू नका, संशय घ्या.

पोटाचं बोलू, कारण लोकांना या गोळ्यांचा तेवढाच एक त्रास माहीत असतो आणि त्यातही निम्मं चुकीचं माहीत असतं. "जेवून घेतो की," असं सगळे सांगतात. जेवून घ्यावीच, मळमळ आणि जळजळ कमी होते. पण जेवणानं व्रण टळत नाही. पोटातल्या नुकसानीचा मोठा भाग गोळी जठराला टेकल्यानं होत नाही, ती रक्तातून जाऊन तो राखणदार थर कमी करते त्यानं होतो. म्हणूनच "गोळी सोसत नाही, इंजेक्शन मारा" यालाही अर्थ नाही. कंबरेत टोचलेलं डायक्लोफेनॅकसुद्धा रक्तातूनच फिरतं आणि जठरापर्यंत पोचतंच.

दुसरा गैरसमज असा की पोट बिघडायचं असेल तर आधी दुखेल, जळजळेल, मग आपण थांबवू. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा तसं होत नाही. गोळीच दुखणं दाबत असते, त्यामुळे व्रणही मुका राहतो. पहिली खूण दिसते ती संडासला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होण्याची, किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी होण्याची. लोहाच्या गोळ्यांनीही संडासचा रंग काळपट होतो, पण ती अशी चिकट नसते आणि तसा वास येत नाही. डांबरासारखी झाली, चक्कर आली, अंगाला दरदरून घाम सुटला, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री दवाखाना गाठायचा आणि जाताना गोळीची पट्टी बरोबर न्यायची.

ज्यांना आधी कधी अल्सर झाला आहे, ज्यांचं वय पासष्टच्या पुढे आहे, जे हृदयासाठी 75 ची ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं वॉरफेरिनसारखं औषध घेतात, जे स्टिरॉइडवर आहेत किंवा नैराश्याच्या काही गोळ्या घेतात, त्यांनी स्वतःच्या मनानं एकही डोस घेऊ नये. दारूनं आणि तंबाखूनं यात भरच पडते. डॉक्टर अशांना गोळी देतातच तेव्हा बरोबर पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल देतात, आणि ती सकाळी उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. मात्र ही 'पित्ताची गोळी' जठरापुरतं कवच आहे. "पॅन घेतो, मग कितीही दिवस चालेल" असं म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, किडनीसाठी काय घेताय? तिच्यासाठी अशी कवचाची गोळी निघालेली नाही.

उलट बाजूची एक चूकही घडते, तीही सांगतो. हा लेख वाचून कुणी हृदयाची 75 ची ॲस्पिरिन बंद करू नये. ती दुखण्यासाठी दिलेली नसते. मात्र तिच्याबरोबर आयबुप्रोफेन रोज घेतली तर ॲस्पिरिनचं हृदय राखण्याचं काम अडू शकतं, हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

किडनीबद्दल लिहिताना एक माणूस डोळ्यांसमोर येतो. जवळच्या वाडीवरचे शेतकरी, साठीच्या पुढे-मागे, मी त्यांना दादा म्हणतो. बीपीची गोळी माझ्याचकडून न्यायचे, टेल्मिसार्टन आणि त्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध अशी जोडगोळी. फेब्रुवारीत गुडघा धरला. डॉक्टरांनी पाच दिवसांची ॲसिक्लोफेनॅक लिहून दिली, आराम पडला, आणि मग दादा थेट काउंटरवर यायला लागले. मी देत गेलो. मे महिन्यात लग्नातलं जेवण बाधून दोन दिवस जुलाब झाले. ऊन बेचाळीस अंशांचं. अंग दुखतंय म्हणून गोळी चालूच, बीपीचीही चालूच. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, तोंड सुजलं. दवाखान्यात नेलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, 4.8 होतं. सलाइन लागलं, गोळ्या बंद झाल्या, डायलिसिसपर्यंत गेलं नाही हे नशीब. महिन्यानंतर 1.4 वर येऊन थांबलं, पहिल्याइतकं खाली आलंच नाही. त्यांची बीपीची गोळी माझ्या हातांनी जायची आणि गुडघ्याचीही माझ्याच हातांनी. या दोन पट्ट्या एका पिशवीत घालताना मी एकदाही थांबलो नाही. ती चूक माझी होती, आणि त्यानंतर मी काउंटरवर विचारल्याशिवाय ही गोळी दिलेली नाही.

नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण हे घराघरांत घडू शकतं. किडनीच्या गाळणीत रक्त येतं एका बारीक नळीनं आणि बाहेर पडतं दुसरीनं. पाण्याच्या औषधानं आणि जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, लोसार्टन अशी बीपीची औषधं बाहेर पडणारी नळी सैल ठेवतात, एरवी ते किडनीच्या फायद्याचंच असतं. अशा वेळी आत येणारी नळी तरी उघडी हवी, आणि ती उघडी ठेवणारी द्रव्यं वेदनाशामक गोळीनं बंद करून टाकली. तिन्ही बाजूंनी दाब पडला की गाळणीतून लघवी उतरायचीच थांबते. म्हणून बीपीची अशी गोळी, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी या तिघी एका पोटात जाऊ देऊ नका. तुमच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर पाण्याचं औषध बहुधा तिच्यातच आहे. आणि जुलाब, उलट्या, कडक ताप, उन्हाची चक्कर, यांतलं काहीही असेल त्या दिवशी वेदनाशामक गोळी बंद. बीपीची आणि शुगरची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

याच जातीच्या औषधानं किडनीचं काय होतं याचा पुरावा आपल्या आभाळातून नाहीसा झालेला आहे. मेलेल्या गुरावर उतरणारी गिधाडं माझ्या लहानपणी कुणालाही दिसायची. नव्वदच्या दशकात ती झपाट्यानं मरायला लागली, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. 2004 मध्ये कारण सापडलं. दुखऱ्या, सुजलेल्या गुरांना डायक्लोफेनॅक टोचत, ते गुरू मेलं की त्याच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची किडनी बंद पडे. 2006 साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलिलिटरच्या एका डोसापुरतंच बांधून घालावं लागलं. गिधाडाचं शरीर या औषधापुढे फारच दुबळं, माणूस तितका नाही. पण मार बसतो तो त्याच अवयवावर.

हृदयाचं थोडक्यात सांगतो. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. पायाला सूज येते, बीपी वाढतं, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर दम लागतो. बीपी आटोक्यात नसताना एटोरिकॉक्सिब घेऊच नये. जठराला सोसणारी म्हणून गाजलेली रोफेकॉक्सिब ही गोळी हृदयविकाराचे झटके वाढतात असं दिसल्यानं 2004 साली जगभरातून मागे घ्यावी लागली आणि भारतातही बंद झाली. डायक्लोफेनॅक त्या बाबतीत फारशी मागे नाही. 2013 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब आला. मोठ्या डोसमध्ये वर्षभर डायक्लोफेनॅक किंवा कॉक्सिब घेणाऱ्या दर हजार जणांमागे साधारण तीन जणांना एरवी आला नसता असा झटका, पक्षाघात किंवा तसा गंभीर त्रास झाला, त्यांतला एक दगावला. हजारात तीन म्हणजे थोडे वाटतील, पण ज्यांना स्टेंट बसलेला आहे, बायपास झालं आहे, त्यांचा धोका मुळातच मोठा. त्यांनी डॉक्टरांशिवाय ही गोळी घ्यायचीच नाही.

पावसाळ्यात तापाचे रोगी वाढतात तेव्हा एक नियम घरात सगळ्यांना पाठ असावा. ताप कशाचा हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि रक्तस्रावाची भीती असते, त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी आगीत तेल पडतं. मुंबईत आणि कोकणात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो किडनीवरच बसतो. तापात अंग इतकं ठणकतं की माणूस 'कडक' गोळीसाठी हट्ट धरतो. त्या दिवशी दुकानदारानं नाही म्हटलं तर त्याच्यावर रागावू नका.

लहान मुलांना निमेसुलाइड अजिबात नको, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तिच्यावर 2011 पासून बंदी आहे. तापात मुलांना ॲस्पिरिनही देऊ नये. गरोदर बाईनं विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या गोळ्या टाळाव्यात, गर्भाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होतं, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. त्याआधीच्या महिन्यांतही डॉक्टरांना विचारूनच. दमा असलेल्या काहींना एका गोळीनं झटका येतो, तेव्हा दम्याच्या माणसानं पूर्वी असं झालं असेल तर ते वहीत लिहून ठेवावं. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ, ओठ-डोळे सुजणं, तोंडात फोड असं काही आलं तर ती कायमची बंद. मेफेनॅमिक ॲसिडनं क्वचित ताप, पुरळ आणि सुजलेल्या गाठी असा गंभीर त्रास होतो, त्याबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं नोव्हेंबर 2023 मध्ये इशारा दिला होता.

एवढं वाचून कुणी गोळीलाच घाबरून दुखणं अंगावर काढू लागलं तर माझं लिहिणं वाया गेलं म्हणायचं. पाळीच्या वेळी पोट पिळवटून दुखतं ते गर्भाशयात वाढलेल्या प्रोस्टाग्लँडिनमुळेच. त्यावर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन हा अगदी मुळावरचा उपाय आहे. दोन-तीन दिवसांसाठी, दुखणं सुरू होतानाच, खाऊन घेतलेली गोळी निरोगी मुलीला सहसा काही करत नाही. "सवय लागेल, पुढे मूल होणार नाही" असं सांगून शाळकरी पोरीला कळा सोसायला लावणाऱ्या आयांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. दर महिन्याला सहा-सात दिवस गोळ्या लागत असतील तर मात्र तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. मुरगळलेला घोटा, काढलेली दाढ, बिजागरी धरल्यासारखी अडकलेली मान, अंगठ्याचा गाऊट, यांत या गोळ्या मोलाच्या. आणि मणक्याच्या काही संधिवातांत तज्ज्ञ डॉक्टर त्या महिनोन्महिने मुद्दाम देतात, त्या रोग्यानं हे वाचून बंद करू नयेत. फक्त ठरावीक महिन्यांनी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घ्यावं.

घ्यायचीच तर किती? लागू पडेल तेवढी लहान मात्रा, आणि जमतील तेवढे कमी दिवस. आयबुप्रोफेन मोठ्या माणसाला 200 ते 400 मिलिग्रॅम, डॉक्टरांशिवाय दिवसाला 1200 च्या वर नाही. डायक्लोफेनॅक दिवसभरात 150 च्या वर नाही. ॲसिक्लोफेनॅक 100 ची दोन वेळा. निमेसुलाइडही 100 ची दोन वेळा, त्याच्या वर नाही. केटोरोलॅक पाच दिवसांपलीकडे कधीच नाही. हे आकडे धडधाकट माणसाचे आहेत, वय झालेल्याचे याहून कमी. यांतल्या बहुतेक गोळ्या कायद्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या आहेत, पट्टीवर 'आरएक्स' ही खूण असते ती त्यासाठीच. घरात असलेली गोळी घ्यावीच लागली तर तीन दिवस. चौथ्या दिवशीही दुखत असेल तर गोळी बदलू नका, दुखण्याचं कारण शोधायला जा. पट्टीवर पेनानं तारीख टाकायची सवय लावा. "दोन-चारच घेतल्या" म्हणणाऱ्याची पट्टी पाहिली की बहुधा महिना निघतो.

झिजलेल्या गुडघ्याला गोळी लागते ती अधूनमधून, रोज लागतो तो व्यायाम. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचा, मांडी आवळून दहा आकडे धरायचा, सावकाश खाली. मांडीचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार उतरतो. दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरायची, बहुतेक जण ती चुकीच्या हातात धरतात. डायक्लोफेनॅकची जेल गुडघ्याला आणि बोटांच्या सांध्यांना चांगली लागू पडते, आणि पोटातल्या गोळीच्या मानानं रक्तात फारच थोडी उतरते. वाटाण्याएवढी लावून काही होत नाही, सांध्यावर सगळीकडून नीट पसरेल एवढी, दिवसातून तीन-चार वेळा, आठ-दहा दिवस नेमानं लावावी लागते. वरून शेक द्यायचा नाही, जखमेवर लावायची नाही, नंतर हात धुवायचे.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं सामान भरायला येतात. तेल, मीठ, बाजरीबरोबर यादीत गोळ्या असतात, पन्नास, शंभर. पहाटे अंधारात फडात उतरायचं, वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, आणि एक दिवस गेला नाही तर खाडा पडून पैसे कापले जातात. बायका पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. किडनीला मारायला यापेक्षा जास्त काही जमवून आणावं लागत नाही. "गोळ्या खाऊ नका" एवढंच त्यांना सांगणं मला निलाजरेपणाचं वाटतं. मी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावतो, पॅरासिटामॉल जास्त आणि सुजेची गोळी अगदी थोडी असं डॉक्टरांशी बोलून ठरवतो, जेलच्या ट्यूब आणि ओआरएसची पाकिटं घालतो.

गेल्या हंगामात एक ताई आल्या होत्या, नवरा बाहेर ट्रॅक्टरपाशी उभा. वाचता येत नव्हतं. दोन्ही पट्ट्या चंदेरी, खोपीत अंधारात एकीची दुसरी व्हायला कितीसा वेळ? मी सुजेच्या गोळीच्या पट्टीला एक लाल रबर घातलं आणि म्हटलं, "ताई, रबरवाली जेवल्यावरच, सलग तीन दिसांच्या वर नाही. जुलाब, उलटी, ताप, ऊन लागलं, तर रबरवालीला हातच लावायचा नाही." त्यांनी पट्टी हातात घेऊन रबर दोनदा चाचपलं. मग पायऱ्या उतरताना नवऱ्याला मोठ्यानं म्हणाल्या, "जुलाबात रबरवाली न्हाई खायची. ध्यानात ठिवा."